मशीन यावी म्हणून

कुसुमअक्काची आणि माझी ओळख भांडणानं झाली. ती गावात पिठाची गिरणी चालवायची आणि मी एसटीत कंडक्टर. फलटण आगारात पंधरा वर्षं काढल्यावर माझी बदली सांगली जिल्ह्यात, नवऱ्याच्या गावाजवळ झाली, तेव्हा मी चाळिशीला टेकले होते. पहिल्याच आठवड्यात ड्युटी संपवून, सुजल्या पायांनी, ज्वारीचा डबा घेऊन मी गिरणीत गेले. अक्कानं डब्यात हात घातला, एक दाणा दाताखाली धरला आणि डबा माझ्याकडं परत सरकवला.

"ओली हाय. वाळवून आण."

"अहो, घरात चिमूटभर पीठ न्हाई. आजच्यापुरती दळा."

"न्हाई. दगडाला चिकटंल. मागनं येणाऱ्या बाईचं पीठ नासंल."

मी काय कमी तोंडाची? तीन बायका उभ्या होत्या, त्यांच्यादेखत मी तिचा उद्धार केला. ती ऐकून घेत होती आणि पुढचा डबा ओतत होती. मी तणतणत घरी आले आणि भात टाकला.

चार दिवसांनी ती माझ्या गाडीत चढली. सांगलीच्या लेकीसाठी पिठाचं पोतं होतं, ते तिनं मधल्या वाटेत ठेवलं. मी म्हटलं, वाटेत ठेवायचं नाही, उतरवा आणि मागं डिकीत टाका. "पीठ हाय बाई, दगड न्हाई," ती म्हणाली. "नियम हाय. न्हाई म्हणलं ना," मी म्हणाले. ती माझ्याकडं बघत राहिली, आणि एकदम हसली. पिठानं पांढऱ्या झालेल्या पापण्या, कानामागं खोचलेला पदर, आणि ते हसू.

"तुला बी येतंय की गं," म्हणाली.

काय येतंय ते मला पुढं कळलं. न्हाई म्हणायला येतंय, असं तिचं म्हणणं होतं. गावातल्या दुसऱ्या कुठल्या बाईला ते येत नाही, अशी तिची पक्की समजूत होती.

अक्का जैनाची. नवरा लवकर गेला, गिरणी राहिली. दिवस मावळायच्या आत जेवण, नळाला फडकं बांधून गाळलेलं पाणी, आणि कुणाच्याही घरचा चहा नको. गिरणीच्या आवाजात बोलायची सोय नसायची, म्हणून तिची सगळी भाषा हाताची. तीन बोटं दाखवली की तुझ्या आधी तीन डबे आहेत. हाताचा पंजा आडवा हलवला की न्हाई. पंजा असा काही हलवायची की पुढचा माणूस दुसऱ्यांदा विचारायचा नाही. ही सवय तिला इतकी लागलेली, की गिरणी बंद असली, गाव सामसूम असलं, तरी ती बोटांनीच सांगायची.

गुरुवारच्या बाजारात तिच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षा. वांग्याचे तिन्ही ढीग बघायची, एकेक वांगं उलटं करून देठ तपासायची, आणि शेवटी पंजा आडवा. तिन्ही वांगीवाल्या कावायच्या. मी म्हणायचे, "अक्का, आता रिकाम्या पिशवीनं जायचं काय?" तर म्हणायची, "रिकामी पिशवी घेऊन परत येणं हा बी बाजारच हाय, मंगल. किडकं घेऊन आलीस तर निवडत बसशील."

एकदा तिनं सांगितलं, "मला बघायला तिघं आलते. तिघं बी मला पटले न्हाईत, पण मला कुणी विचारलंच न्हाई. त्या तिघांनीच मला नापसंत केलं म्हणून सुटले. चौथ्याला मी पटले, झालं." नवऱ्याबद्दल ती वाईट बोलली नाही कधी. माणूस चांगला होता म्हणायची. पण न विचारल्याचं शल्य साठी उलटली तरी गेलं नव्हतं.

बाईमाणसाला लग्नानंतर मैत्रीण मिळत नाही, हे मी छातीठोक सांगते. जावा मिळतात, नणंदा मिळतात, विहिणी मिळतात. शाळेतल्या मैत्रिणी ज्या त्या गावाला गेल्या, त्यांच्या लेकरांच्या लग्नात भेटल्या तर भेटल्या. मी गिरणीच्या उंबऱ्यावर बसलेली दिसले की लोक विचारायचे, ह्या तुमच्या कोण? मैत्रीण म्हटलं की फिदीफिदी हसायचे, ह्या वयात? मी एकदा वैतागून अक्काला म्हटलं, सरळ बहीण म्हणून सांगते. तशी ती चमकली.

"नात्यात घेऊ नगो मला. भईण म्हणलंस की उद्या साडीचोळी आली, रुसवेफुगवे आले. हाय तशी बरी हाय."

"मग अक्का कसं म्हणू?"

"अक्का तर आख्खं गाव म्हणतंय. तू काय येगळी हायस व्हय?"

मी वेगळी होते. तिला माहीत होतं आणि मलाही. शिराळ्याच्या नागपंचमीला जादा गाड्यांची ड्युटी लागायची, दोन दोन दिवस मी घरी नसायचे. परत आले की घरचे विचारायचे जेवायला काय करतेस, आणि अक्का विचारायची पाय दुखतात काय. पंधरा वर्षांत तिनं माझ्या घरचा एक घोट चहा घेतला नाही, पण माझ्या मनातली एक गोष्ट तिला ठाऊक नव्हती असं झालं नाही.

आता ते बटणाचं सांगते. मतदान यंत्रावर सगळ्यात खाली 'वरीलपैकी कोणीही नाही' असं बटण आलं, तेव्हाची गोष्ट. विधानसभेला आम्ही दोघी बरोबर गेलो. ती आत इतका वेळ राहिली की मतदान अधिकारी उठून उभा राहिला. बाहेर आली ती गालातल्या गालात हसत.

"एकेकाचं नाव वाचलं. कुणी पटलं न्हाई. आन् त्यांनीच खाली जागा ठेवलीया की गं! न्हाई म्हणणाऱ्याला आजवर कुणी जागा ठेवलीती काय?"

"त्यानं काय होणार, अक्का? येणारा येतोयच."

"ज्वारी परत पाठवली म्हणून लोक पेरायचं थांबतात व्हय? पण पुढच्या बारीला वाळवून आणत्यात. आणत्यात का न्हाई?"

आणतात. मीही आणली होती. 

अडचण अशी होती, की आमच्या गावात ग्रामपंचायतीला मतदानच होत नसे. निवडणूक बिनविरोध करायची, हा गावाचा लौकिक. आण्णा म्हणून गावचे पुढारी. ते बिरोबाच्या देवळासमोर बैठक घ्यायचे, नावं ठरायची, आणि सगळ्यांनी भंडारा उचलायचा. हळदीचा भंडारा मुठीत घेऊन शब्द दिला की तो मोडायचा नाही. मोडला तर घरावर येतं, हे आमच्याकडं तान्ह्या पोरालाही माहीत. बैठकीला पुरुष जायचे. बायकांची जागा असली तरी बायकोच्या वतीनं नवरा भंडारा उचलायचा. प्रत्येक जागेला एकच अर्ज, म्हणजे मतदान नाही, म्हणजे मशीन नाही, म्हणजे ते शेवटचं बटणही नाही.

मी गावात आल्यापासून तीन निवडणुका अशा गेल्या. चौथ्या वेळी आमच्या वॉर्डातली बायकांची जागा माझ्या धाकट्या जावेला, सुरेखाला ठरली. गुलालाची पोती येऊन पडली. आणि शेवटच्या दिवशी अक्कानं तालुक्याला जाऊन त्याच जागेला अर्ज भरला.

गावात हलकल्लोळ. आण्णा स्वतः गिरणीत आले. मी तिथंच होते.

"अक्का, आवं तुमाला सरपंच व्हायचंय काय? पुढच्या बारीला बघू."

"मला काय बी व्हायचं न्हाई."

"मग निवडून येऊन करणार काय?"

"मी निवडून यायला उभी न्हाई. मशीन यावी म्हणून उभी हाय. मशीन आली की मी सगळ्यात खालचं बटन दाबणार."

आण्णांना अर्धा मिनिट कळेना. "म्हंजी तुमी सोताला बी मत देणार न्हाई?"

"मी कुठली लायक? मला गिरणीतनं सवड हाय काय?"

मी हसू दाबत होते. आण्णांनी माझ्याकडं बघितलं, आणि माझं हसू तिथंच विरलं. त्यांना वाट सापडली होती, ती मी होते.

त्याच दुपारी बैठक झाली. सगळे म्हणाले, ती बाई कुणाचं ऐकत नाही, कंडक्टरीणबाईचं तेवढं ऐकते. माझा नवरा साधा माणूस. भाऊ शेजारी बसलेला, आण्णा समोर, शंभर डोळे त्याच्यावर. तो उठला, भंडारा उचलला आणि म्हणाला, "माझी बायको कुसुमअक्काला अर्ज मागं घ्यायला लावंल. ही माझ्या घराची जबाबदारी."

घरी येऊन त्यानं मला हे सांगितलं तेव्हा मी पीठ मळत होते, ते तसंच टाकून उठले.

"माझ्या वतीनं? आन् अक्काच्या बी वतीनं? दोघींना न विचारता?"

"तवा सुचलं न्हाई गं. सगळी बघत होती."

"तुमाला न्हाई म्हणता येत न्हाई व्हय?"

"तुला येतंय, तर तू म्हण की आता," तो खाली बघत म्हणाला.

मला येत होतं. रोज पन्नास लोकांना मी म्हणायचे, जागा नाही, पुढच्या गाडीनं या. पण आतल्या खोलीत माझी सून आठव्या महिन्याची, पाय पसरून बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं पोटावर हात ठेवला. मी काही देवभोळी नाही. मोडक्या गाडीला लिंबू बांधणाऱ्या ड्रायव्हरला मी हसायचे. पण त्या दिवशी मला हसू आलं नाही. नातवंडावर काही आलं असतं, अगदी साधा ताप आला असता, तरी त्या घरात जन्मभर माझ्याकडं बोट झालं असतं. आणि खरं सांगू? मीच माझ्याकडं बोट केलं असतं.

मी डबा उचलला आणि गिरणीत गेले. अक्का पट्टा चढवत होती. तिनं मान वळवून विचारलं, काय? मी म्हटलं, काही नाही, दळायला आले. तिनं डबा हातात घेतला. डबा रिकामा होता. घाईत मी दाणे भरलेच नव्हते.

ती डब्यात बघत राहिली. मग माझ्या तोंडाकडं. गिरणी बंद होती, बोलायला अडचण काही नव्हती. अर्ज मागं घे, असं मी म्हटलं नाही. घेऊ नको, असंही म्हटलं नाही. डबा परत घेतला आणि आले.

दुसऱ्या दिवशी अर्ज मागं घ्यायची मुदत दुपारी तीनपर्यंत. माझी दीडची फेरी होती. गाव सुटायच्या वेळेला अक्का चढली. धुवट पातळ, केसांना पीठ नाही. पिशवी मांडीवर घेऊन खिडकीला बसली. मी तिच्याजवळ गेले.

"तालुक्याचं एक दे," ती म्हणाली.

गाडी निम्मी रिकामी होती. मी म्हणू शकत होते, अक्का, उतर. म्हणू शकत होते, जाऊ नको, माझ्या घरचं मी बघते. मी मशीनचं बटण दाबलं, तिकीट बाहेर आलं, मी ते फाडून तिच्या हातात दिलं.

तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "तुमचा भंडारा मला लागत न्हाई, मंगल. तुझ्या घराला लागतो. मग अर्ज दुसरं कोण काढणार?"

मी पुढच्या सीटवर तिकीट द्यायला गेले. हे सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं होतं. सुटल्यासारखं वाटलं होतं.

संध्याकाळी गुलाल उधळला. आमच्या अंगणात सुरेखाला ओवाळलं. आण्णांनी माझंही कौतुक केलं, वहिनींनी शब्द राखला म्हणाले. महिन्याभरानं नात झाली, गुटगुटीत. भंडारा पावला, सगळे म्हणाले. मी अक्काकडं पेढे घेऊन गेले. तिनं पंजा आडवा हलवला नाही. पेढा घेतला आणि खाल्ला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्या घरचं काही तोंडात घातलं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही. माझ्याशी परक्यासारखं, रीतीनं वागायला लागली होती. मी उंबऱ्यावर बसायचे, ती दळायची. पाय दुखतात काय, हे तिनं पुन्हा विचारलं नाही. भांडली असती तर परवडलं असतं.

दोन वर्षांनी गुडघे गेले तिचे. गिरणी विकली आणि लेकीकडं सांगलीला गेली. मतदार यादीतलं नाव मात्र हलवू दिलं नाही. जावयानं दोनदा फॉर्म आणला, दोन्ही वेळा न्हाई.

पाच वर्षांचा फेरा पुरा झाला. मी निवृत्त झाले होते. पुन्हा बैठक ठरली, पुन्हा सुरेखाचंच नाव. बैठकीच्या सकाळी मी नवऱ्याला चहा दिला आणि सांगितलं, "आज भंडारा उचलायचा तर तुमच्यापुरता उचला. माझ्या वतीनं उचलायचा न्हाई. मी अर्ज भरतेय."

त्याचा कप तसाच राहिला. "सुरेखाच्या विरोधात? घरातल्या घरात?"

"कुणाच्या विरोधात न्हाई. मशीन यावी म्हणून."

पुढचे पंधरा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. सुरेखानं चूल वेगळी मांडली. दीर समोरून गेला तर मान फिरवायचा. नवरा जेवायचा आणि उठायचा. सून तेवढी भाजी वाढताना माझ्या ताटात जरा जास्त वाढायची. आण्णा तीनदा येऊन गेले. अर्ज मागं घ्यायच्या दिवशी मी घराबाहेरच पडले नाही, आतनं कडी लावून बसले, कुणाला बघून मन पातळ होईल म्हणून. तीन वाजून गेले. मला चिन्ह मिळालं शिट्टी. कंडक्टरला शिट्टी, गावाला तेवढीच करमणूक.

अक्काला मी फक्त मतदानाचा दिवस कळवला. लेकी-जावयानं तिला रिक्षातनं आणलं. दोघांनी हाताला धरून शाळेत नेली. मी शाळेच्या दारात उभी होते. ती माझ्याजवळ थांबली, वाकली होती, म्हणून मान वर करून बोलली.

"तुला मत देणार न्हाई हं."

"म्हायत हाय."

"वाईट वाटून घेऊ नगो. तू लायक न्हाईस. तुला सवडबी न्हाई."

"आवं आत जावा, लोकं खोळंबलीत."

बराच वेळ लागला तिला आत. अधिकारी दुसरा होता, पण उठून उभा राहिला तो तसाच. बाहेर आली, शाईचं बोट बघत. माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "पाय दुखतात काय गं?"

मी मान हलवली. रिक्षा गेल्यावर मी आत जाऊन मत दिलं.

मोजणी तालुक्याला झाली. आमच्या वॉर्डाचं वाचायला मिनिटही लागलं नाही. ढीगभर मतं सुरेखाला. माझ्या नावापुढं शून्य. लोक खो खो हसले, नवऱ्याचं बी न्हाई, सोताचं बी न्हाई! मग त्या कारकुनानं शेवटची ओळ वाचली. वरीलपैकी कोणीही नाही, दोन. हसणं थांबलं. सगळ्यांनी वळून माझ्याकडं बघितलं.

मी तशीच सांगलीची गाडी धरली. अक्काला फोनवर ऐकू येत नव्हतं, आणि ही गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून जायला नको होती. लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर. लेक-जावई कामाला गेले की दाराला बाहेरून कुलूप लावायचे. एकदा ती एकटीच जिना उतरून स्टँडकडं निघाली होती आणि पडली होती, तेव्हापासून. त्यांचंही चुकत नव्हतं. मी खालून हाक मारली, पण रस्त्यावर गाड्यांचा इतका आवाज. शेवटी शेजारणीनं खिडकीतून तिला खूण केली, तेव्हा ती गॅलरीत आली. गॅलरीला वरपासून खालपर्यंत लोखंडी जाळी. जाळीला दोन्ही हातांनी धरून ती खाली बघत राहिली, कोण आहे ते ओळखेपर्यंत.

मी हात वर केला आणि दोन बोटं दाखवली.

तिला चटकन कळलं नाही. मग कळलं. तिनं जाळीच्या भोकातून एक बोट बाहेर काढलं आणि ते स्वतःच्या छातीवर टेकवलं. पुन्हा बाहेर काढलं, माझ्याकडं रोखलं, आणि विचारल्यासारखी मान हलवली. मी व्हय म्हटलं, मोठ्यानं, रस्त्यातल्या लोकांनी बघावं इतक्या मोठ्यानं.

वर येते म्हणून मी जिन्याकडं खूण केली. तिनं पंजा आडवा हलवला. कुलूप होतं. मग आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो, ती वर, मी खाली, माझी शेवटची गाडी सुटायची वेळ होईपर्यंत. त्यानंतर महिन्यानं ती गेली, आणि मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. म्हणून माझ्याजवळ तिचं शेवटचं आहे ते हेच. जाळीमागं उभी असलेली अक्का, पापण्यांवर पीठ नाही, आणि मी वळून बघितलं तेव्हा जाळीतून बाहेर काढलेली दोन बोटं.